सगळं ओरिजिनल

माझ्या वडिलांना मी गाडी भेट दिली. हे वाक्य ऑफिसात, नात्यागोत्यात आणि सोसायटीच्या ग्रुपवर इतक्या जणांनी इतक्या कौतुकाने उच्चारलं आहे की आता ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये एक बाई आपल्या मुलाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, बघ, मुलगा असावा तर असा. मी चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरलो आणि उरलेले जिने चढून घरी गेलो.

गाडी काही साधीसुधी नाही. इंग्लंडात बनलेली, दोन सीटांची, कापडी टपाची, तारेच्या चाकांची, गर्द हिरवी स्पोर्ट्स कार. वयाने जवळपास वडिलांएवढी, आमच्या नानांएवढी, म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेली. अशी गाडी नाशिकच्या रस्त्यावर निघाली की रिक्षावालेसुद्धा बाजूला होतात, आणि नाशिकचे रिक्षावाले कोणासाठी बाजूला होत नाहीत.

ती मी का घेतली हे सांगायचं तर आधी तीन वर्षांपूर्वीचं सांगावं लागेल. ते सांगायची मला हौस नाही.

नाना टर्नर होते. कळवणकडून तरुणपणी नाशिकला आले, सातपूरला कंपनीत लागले, आणि कंपनीच्या पाळ्या सांभाळून त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं एक लेथ मशीन टाकलं. कंपनीतून निवृत्त झाल्यावर तर ते दिवसभर तिथेच असत. डबा घेऊन सकाळी जायचे, संध्याकाळी कपड्यांना तेलाचा वास घेऊन यायचे. कोणाच्या पंपाचा शाफ्ट, कोणाच्या द्राक्षबागेतल्या फवारणी मशीनचा नोझल, असली किरकोळ कामं. पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. एकदा लेथच्या फिरत्या जबड्यात, चकमध्ये, शर्टाची बाही अडकली. बाही फाटली म्हणून हात वाचला. ते ही गोष्ट घरी बोललेच नाहीत, मला शेजारच्या शेडवाल्याने सांगितली. त्यानंतर महिन्याभरात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते अठरा दिवस दवाखान्यात होते. त्या अठरा दिवसांत मी लेथ विकून टाकलं. हत्यारांसकट, कपाटासकट, बसायच्या स्टुलासकट. शेड रिकामी करून दिली.

माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्णपणे वाटत नाही. बाही अडकली होती. उद्या हात अडकला असता. डॉक्टरांनीही आता हे सगळं बंद म्हणून बजावलं होतं. नाना घरी आले की काय काय सांगायचं याची मी मनात उजळणी करून ठेवली होती.

पण ते विचारायलाच आले नाहीत. फिरायची परवानगी मिळाल्यावर एके दिवशी कोणाला न सांगता रिक्षा करून सातपूरला गेले. शेडमध्ये तोवर टोमॅटोच्या क्रेटांची थप्पी लागली होती. तासाभराने परत आले, पाय धुतले, माझ्या बायकोला म्हणाले, चहा टाक. संपलं. त्या दिवसापासून माझ्याशी त्यांचं बोलणं ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्यावर आलं. इतरांशी छान बोलायचे. वॉचमनशी पावसावर चर्चा, सुनेशी भाजीच्या भावावर, नातीशी तर खिदळणंसुद्धा. मी खोलीत गेलो की त्यांना एकदम पेपरात काहीतरी महत्त्वाचं सापडायचं. आई जाऊन दहा वर्षं झाली होती, नाहीतर तिने आम्हा दोघांनाही एका जागी बसवून कान धरले असते.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी मला विसरता येत नाही. दरवर्षी नाना लेथ धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू वाहत, आणि त्या दिवशी त्याचं बटण दाबत नसत. त्या वर्षी बायकोने घरातली हत्यारं म्हणून विळी, कात्री, मिक्सर आणि माझा लॅपटॉप पाटावर मांडला. नानांना हाक मारली. ते आले, सगळ्यांना नीट कुंकू लावलं, लॅपटॉपलाही लावलं, आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

असं दोन-सव्वादोन वर्षं चाललं. घरात भांडण नाही, आरडाओरड नाही, तरी मला संध्याकाळी घरी यायला नको वाटायचं.

आणि मग ती गाडी विकायला निघाल्याचं कळलं.

ही गाडी आमच्या घरात मी जन्मल्यापासून ऐकलेली. गंगापूर रोडला एका वकिलांचा जुना बंगला होता. देवळालीच्या छावणीतून मायदेशी निघालेल्या कोणा इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. वकीलसाहेबांचा त्या गाडीवर जीव, पण तिला हात लावायला गावात कोणी तयार नव्हतं. तिचे नट-बोल्ट विलायती इंचातले, बाजारातला एक पाना तिला धड बसत नसे, आणि काही तुटलं तर इकडे मिळायची सोय नाही. कोणीतरी त्यांना नानांचं नाव सांगितलं. तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं नानांचे रविवार त्या बंगल्यावर गेले. इतरांचे वडील पोरांना घेऊन पांडवलेणीला जात, आमचे नाना सायकलला पिशवी अडकवून वकिलांकडे. आई तिला ‘माझी विलायती सवत’ म्हणायची. रविवारी कोणी आलं की सांगायची, सवतीकडे गेलेत, बसा, येतील जेवायला.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. काहीतरी मोठं काम संपलं होतं आणि गाडी चालवून बघायची होती. वकीलसाहेब म्हणाले, मुलाला घेऊन जा. त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत आम्ही गेलो. टप उघडा, रस्ता रिकामा. मी नानांना तोपर्यंत सायकलच चालवताना पाहिलं होतं. ते हसत होते. कारण काही नाही, नुसते हसत होते. घरी आम्ही त्यांना असं हसताना फारसं बघितलं नव्हतं, त्यामुळे मला थोडी भीतीच वाटली. मग ते वाऱ्यावरून ओरडून मला म्हणाले, “ऐक, ऐक.” काय ऐकायचं ते मला कळलं नाही, पण मी जोरात मान हलवली.

या आठवणीवरून मी एक निष्कर्ष काढला आणि तो चाळीस वर्षं तसाच सांभाळला: नानांना ती गाडी फार आवडते.

वकीलसाहेब गेले, बंगला पाडायचा ठरला, त्यांच्या मुलीला गाडी कोणाच्या तरी हाती सोपवायची होती. मी गेलो तेव्हा ती मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती, चारही टायर बसलेले, सीटमधला काथ्या बाहेर आलेला. ताडपत्री उचलली आणि मला वाटलं, सापडलं. लेथ घेतलं ना मी यांचं, तर आता हे घ्या. इतका साधा हिशेब होता तो. घासाघीस न करता मी गाडी घेतली.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आनंदली, पण लगेच म्हणाली, “एकदा त्यांना विचारा तरी.” मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? ती म्हणाली, आपल्या घरात कधी कोणी कोणाला सरप्राइज दिलंय? तिचं खरं होतं. आमच्याकडे साडीसुद्धा दुकानात नेऊन, दहा वेळा विचारून घेतात. सरप्राइज हा प्रकार मी मुलीच्या वाढदिवसांतून शिकलो, तोही अर्धवट. पण मला नानांचा चेहरा बघायचा होता. तो बघण्याची मला इतकी घाई झाली होती की बायकोचं ऐकायला वेळ नव्हता.

गाडी पुण्याला पाठवली. तिथे अशा जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारं एक गॅरेज आहे. मालक तरुण, टापटीप, गॅरेजची फरशी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. दोन महिन्यांनी त्याने बोलावलं. गाडीचा पार सांगाडा केलेला होता आणि तिचे सगळे अवयव कप्प्याकप्प्यांत, चिठ्ठ्या लावून ठेवलेले. तो म्हणाला, दोन पर्याय आहेत. जे चालतंय ते तसंच राहू द्यायचं, किंवा जे मूळचं नाही ते काढून इंग्लंडहून मागवायचं. वेळ लागेल, पण गाडी शंभर टक्के ओरिजिनल होईल.

इथे माझा धंदा सांगायला हवा. अंबडच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं क्वालिटी खात्यात आहे. गाड्यांचे सुटे भाग येतात, ते पास करायचे की नापास, हे आम्ही ठरवतो. नापास मालावर लाल खूण करून तो लाल पेटीत टाकायचा. घरातही मला याची सवय लागली आहे असं बायको म्हणते. तिने केलेली पुरणपोळी मी कडेने तपासून खातो म्हणे. ‘ओरिजिनल’ हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या माणसाचं भान जातं.

त्या मालकाने एक ट्रे माझ्यापुढे ठेवला. हे सगळे लोकल पार्ट आहेत, म्हणाला, कोणीतरी इथेच बनवून बसवलेले. सतरा नग होते. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, गनमेटलची बुशं, पाण्याच्या नळीचं पितळेचं एक कोपर, कार्बोरेटरच्या दांड्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण. कशावर नंबर नाही, कंपनीचा शिक्का नाही. एका दांडीवर कानशीचे ओरखडे दिसत होते. मी शाफ्ट उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला. मग त्याच्याच टेबलावरचा लाल मार्कर घेतला आणि एकेका नगावर खूण करत गेलो. सतराही. पाच मिनिटं लागली असतील. वर मी त्याला म्हणालो, इतकी चांगली गाडी आणि बघा काय काय कोंबून ठेवलंय.

त्या पाच मिनिटांत मला नाना आठवले नाहीत. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. ज्यांच्यासाठी गाडी घेतली, ज्यांनी वीस वर्षं तिच्यावर काम केलं, ते तिथे माझ्या मनातही नव्हते. ते गाडी ‘दुरुस्त’ करत, एवढंच मला माहीत होतं. दुरुस्त करणं म्हणजे ते नेमकं काय करत, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे सहा महिने इंग्लंडहून खोकी येत राहिली. दसऱ्याच्या सकाळी गाडी ट्रकवरून सोसायटीच्या दारात उतरली. घोडं एकदाचं गंगेत न्हालं असं मला झालं. मुलीने सगळ्यांना गोळा केलं होतं. बायकोने ताट तयार ठेवलं होतं. नानांना नवा शर्ट घालून, लिफ्टने खाली आणलं, काही न सांगता.

त्यांनी तिला लगेच ओळखलं. क्षणभर थांबले, मग भराभर पुढे गेले, इतके भराभर की माझी मुलगी त्यांच्या कोपराला धरायला धावली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाच्या तारांवरून बोटं फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “कुठून काढली रे ही?”

पूर्ण वाक्य. शेवटी ‘रे’. तीन वर्षांनी. मी त्यांना बंगल्याचं, ताडपत्रीचं सगळं सांगितलं आणि ते ऐकत होते, माझ्या तोंडाकडे बघत. तुमची आहे नाना, असंही मी म्हणालो. पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबं, नारळ. सगळं त्यांनी स्वतःच्या थरथरत्या हातांनी केलं. मग म्हणाले, “बॉनेट उघड.”

मी याचीच वाट बघत होतो. बॉनेट उघडलं. आत सगळं चकाचक. नाना वाकले आणि त्यांनी हात आत घातला. पंपाला लावला. मग खालच्या कोपराला, मग कार्बोरेटरच्या दांडीला. बघत नव्हते ते, हात आपोआप जात होता, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, आणि प्रत्येक ठिकाणी जरा थबकत होता. मग त्यांनी न वळता विचारलं, जुनं काय केलं?

मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “काढून टाकलं नाना. एक लोकल पार्ट ठेवला नाही. सगळं ओरिजिनल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी हात बाहेर काढला, रुमालाला पुसला, आणि म्हणाले, “बरं.”

ते ‘बरं’ मला चांगलं ओळखीचं होतं. तरी मी मानलं नाही. मी आग्रह करून त्यांना बाजूच्या सीटवर बसवलं आणि त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत नेलं, त्याच रस्त्याने. इंजिन सुरेख चाललं होतं. ते दाराची कड धरून समोर बघत बसले. घरी आल्यावर सुनेला म्हणाले, पाठ धरली, पडतो जरा.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण मारुती कुठे झाला हे कळेना. मला राग आला होता, लपवत नाही. एवढं करून यांचं तोंड वाकडंच. रात्री बायको म्हणाली, नाना जेवले नाहीत. मला वाटलं, गॅरेजवाल्यानेच काहीतरी चुकीचं बसवलं असणार, जे नानांच्या लक्षात आलं आणि माझ्या नाही. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून मी आधीचे सगळे फोटो मागवले.

बोलता बोलताच त्याने ते पाठवले. फोटोत तो ट्रे होता. मी शाफ्टचा फोटो मोठा करून बघितला. माझ्या लाल खुणेच्या बाजूला त्याची कड दिसत होती. तासलेल्या लोखंडाची कड सुरीसारखी धारदार असते. कामाला गरज नसेल तर ती घासून बोथट करत, म्हणजे मोडत, कोणी बसत नाही, कशाला वेळ घालवायचा. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना ती बारीक, एकसारखी मोडलेली होती. मी बुश बघितलं, त्यालाही. कोपराला, झाकणाला, जिथे कधी कोणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणीसुद्धा. आमच्या घरातल्या पडद्याच्या दांड्यांना अशीच कड आहे. आईच्या खलबत्त्याच्या पितळी बत्त्याला होती. मी लहान असताना नानांनी मला करून दिलेल्या भोवऱ्याच्या आरीलासुद्धा त्यांनी ती ठेवली होती, कोणाला लागू नये म्हणून. आमच्या घरात कुठल्याही लोखंडाने कधी कोणाचं बोट कापलं नाही.

फोन अजून चालूच होता. मी विचारलं, ते सामान कुठे आहे. तो म्हणाला, भंगारात गेलं साहेब, चार महिने झाले, तुम्हीच तर खुणा केल्या होत्या. मग म्हणाला, खरं सांगू का, आमचा जुना मिस्त्री ते फेकायला तयार नव्हता. म्हणत होता, ज्याने केलं त्याला काम येतं, आपण याहून चांगलं काय घालणार. पण तुमचं ओरिजिनल ठरलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

मी त्या भंगारवाल्याचा पत्ता काढला, पुण्याला गेलोही. तिथे लोखंडाचा डोंगर होता आणि तो चार महिन्यांत कितीदा बदलला होता हे त्या माणसालाही सांगता येईना. माझ्याकडे बघून त्याने दुसऱ्या गाडीचं एक झाकण काढून दिलं, हे चालेल का म्हणून.

रविवारी चारच्या सुमारास नाना गॅलरीत लसूण सोलत बसले होते. हात थरथरतात म्हणून डॉक्टरांनी बोटांची कामं करायला सांगितली आहेत. एक पाकळी सोलायला त्यांना मिनिट लागतं. मी समोर बसलो. पेपर हाताशी नव्हता, त्यामुळे त्यांना सुटका नव्हती.

मी म्हणालो, “नाना, गाडीतले ते जुने भाग तुम्ही बनवलेले होते.”

“व्हय,” ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ट्रे माझ्यापुढे आला होता, मी ओळखलं नाही, लाल खुणा मीच केल्या, भंगारात गेलं, शोधून आलो, मिळालं नाही. ते सोलत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी हातातली पाकळी वाटीत टाकली.

“लेथ इकलं तव्हा मी दवाखान्यात व्हतो,” ते म्हणाले. “तव्हा मी काय म्हणलो नाय. आता तर घरातच व्हतो. इचारायचं तरी.”

तीन वर्षं घोटून ठेवलेली माझी सगळी उत्तरं, बाही, डॉक्टर, कंप, एकदम तोंडाशी आली. एकही याला लागू पडत नव्हतं. सरप्राइज हा शब्द तर मी गिळूनच टाकला. खाली पार्किंगमध्ये मुलं गाडीभोवती फोटो काढत होती, त्यांचा आवाज वर येत होता.

दुसरी पाकळी उचलत त्यांनी विचारलं, “पंपाचं शाफ्ट तुझ्या हातात आलं व्हतं का?”

मी हो म्हणालो.

“मापात व्हतं का?”

मला आधी वाटलं, टोचतायत. मग चेहरा बघितला. तसं काही नव्हतं. कामगार तपासनीसाला विचारतो तसं ते विचारत होते, थोडं अदबीनेसुद्धा. मग ते मला सांगू लागले की मूळ शाफ्टचे तुकडे झाले होते, त्यातलाही एक हरवलेला, ड्रॉइंग वगैरे कुठलं मिळायला. झिजलेल्या भोकावरून अंदाज बांधून, ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून त्यांनी तो काढला. तीन रविवार लागले. आवाज न करता चालला, पण म्हणजे बरोबर होता की नुसता चालून गेला, हे त्यांना कोणी सांगू शकलं नाही. सांगायला मूळ माप तर हवं. इतकी वर्षं त्यांच्या मनात ते राहून गेलं होतं.

मूळ माप त्या गॅरेजात होतं. इंग्लंडहून आलेलं जाडजूड पुस्तक टेबलावर उघडं होतं, शेजारी मायक्रोमीटर होता, आणि शाफ्ट माझ्या हातात होता. तो मापायला अर्धं मिनिट पुरलं असतं. आमच्या खात्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, मापल्याशिवाय खूण करायची नाही. गेली कित्येक वर्षं ती मीच शिकवत आलोय.

मी म्हणालो, “मापलं नाही नाना.”

त्यांना खरंच समजलं नव्हतं.

“मग नापास कशावरनं केलं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत बसले.